पहिली ओटी

माझ्या नवऱ्यावर फिल्म काढायची म्हणून बहिणीची मुलगी पुण्याहून आली, तेव्हा मी तिला पहिल्यांदा एवढंच विचारलं, की ती लोकांना दाखवणार का. ती हसली. "मावशी, फिल्म दाखवायलाच काढतात." मला ते हसू आवडलं नाही. मी चहा ठेवायला आत गेले आणि साखर दोनदा टाकली.

आमचे हे म्हणजे गावात सगळ्यांना ठाऊक असलेला माणूस, आणि गावाबाहेर कुणाला ठाऊक होऊ नये म्हणून मी अर्धं आयुष्य झटलेली. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावी देवीची जत्रा भरते. डीजे यायच्या आधी त्या जत्रेत गावातलेच गडी गाणं-बजावणं करायचे. एक ढोलकीवर, एक तुणतुण्यावर, दोघं-तिघं गाणारे, आणि बाईच्या वेषात नाचणारा एक. तो नाचणारा म्हणजे माझा नवरा. एरवी मेंढरं राखणारा, सोयाबीन-तूर पिकवणारा साधा गडी. मिशा मात्र नव्हत्या. मिशा नाहीत हे लग्नाआधी मी पाहिलं होतं, पण का नाहीत हे विचारायचं मला किंवा माझ्या बापाला सुचलं नाही.

ते कळलं लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेला. दिवेलागणीला सासूने मला आतल्या खोलीत बोलावलं. तिथे हे बंडी काढून उभे होते आणि सासूच्या हातात नऊवारी होती. "धर," सासू म्हणाली, "आता ह्याला नेसवायचं तुझ्याकडं." मी नुकती अंगाची हळद उतरलेली नवरी. ज्या माणसाशी धड चार वाक्यं बोलले नव्हते त्याच्या निऱ्या मी त्या संध्याकाळी केल्या. कासोटा त्यांनी स्वतःच आवळला, कारण माझ्या हातांत जोर राहिला नव्हता.

खरी परीक्षा पुढे होती. आमच्याकडची रीत अशी, की नाचणारा गडी तयार झाला की देवळासमोर पदर पसरून उभा राहतो आणि गावातल्या बाया त्याची ओटी भरतात. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, नारळ, जसं माहेरवाशिणीला भरतात तसंच सगळं. ओटी भरली की तो सकाळपर्यंत गावची लेक. मग कितीही प्यालेला माणूस असो, तिच्याकडे बघून शिट्टी वाजवायची नाही, वेडंवाकडं बोलायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही. आणि पहिली ओटी घरच्या बाईची. आई असेल तर आईची, बायको आली की बायकोची. तिच्या आधी दुसऱ्या कुणी पुढे व्हायचं नाही, कारण लेक आधी घरची असते आणि मग गावची.

तर सासूने सूप माझ्या हातात दिलं आणि मी गावादेखत स्वतःच्या नवऱ्याची ओटी भरली. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. हात असे कापत होते, की निम्मे तांदूळ पायांवर गेले. हे खालमानेने उभे होते. ओठ न हलवता मला म्हणाले, "सावकाश. तांदूळ सांडून राहिले." हसलं कुणीच नाही. मला मात्र प्रत्येक तोंडावर हसू दिसत होतं. ही माझी खोड आहे आणि ती त्या दिवशी लागली नाही, मी ती माहेराहूनच आणली असावी.

पुढे बरीच वर्षं ते सूप मी उचललं. अंगणवाडीत नोकरी लागली, तिथे लेकरांना फेर धरून नाचायला शिकवायची आणि घरी येऊन जत्रेच्या दिवसाची धास्ती घ्यायची. मग आमचा मुलगा शाळेत जायला लागला. एक दिवस तो दप्तर फेकून म्हणाला, "आई, बापाला मिशा काहून न्हाईत?" मी यांना म्हटलं, आता पुरे करा. हे वाद घालतील असं वाटलं होतं, पण त्यांनी तो घातला नाही. पुढच्या जत्रेपर्यंत त्यांना चांगल्या झुपकेदार मिशा आलेल्या होत्या. सोबतचे गाणारे थकले, ढोलकीवाला मुलाकडे नाशकाला गेला, आणि जत्रेत डीजे आला. यांनी नाच सोडला नसता तरी तो सुटलाच असता, असं मी स्वतःला सांगत असे.

मुलगा मोठा झाला, वसमतला हळदीच्या आडतीवर नोकरीला लागला. त्याची सोयरीकही त्याच बाजूला जुळली. मुलगी बघायला गेलो तेव्हा विहीणबाईंनी विचारलं, व्याही काय करतात. हे तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, की शेती आहे, मेंढरं आहेत आणि भजनाचा नाद आहे. विहीणबाईंनी यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मान डोलावली. ही बाई मुळात कमी बोलणारी. बोलणाऱ्या माणसाला मी भीत नाही, त्याला उत्तर देता येतं. गप्प बसणाऱ्या माणसापुढे माझा जीव टांगणीला लागतो. या बाईला कळलं तर, ही एक धास्ती मुलाच्या लग्नापासून माझ्या मानगुटीवर बसलेली होती.

आणि आता ही पोरगी कॅमेरा घेऊन आलेली. सोबत तिची एक मैत्रीण आणि एक मित्र, दोघांकडे दोन कॅमेरे. सोयाबीन निघालं होतं, तूर फुलावर होती. चार दिवस ती आमच्या अंगणात राबली. पांढरा थर्माकोल धरून उजेड तोंडावर पाडायचा, शर्टाला माइकचं बोंडुक लावायचं, आणि शेजारच्या शेतात मळणीचा हडंबा सुरू झाला की कपाळाला हात लावून बसायचं. हडंब्यात सोयाबीन जात असताना फिल्म निघत नाही हे आम्हाला तेव्हा कळलं. हे माइक लावूनच मेंढरांमागे जायचे आणि मेंढरांना ज्या शिव्या द्यायचे त्या सगळ्या त्या पोरांच्या कानात जायच्या. पोरं खूश होती.

एके दुपारी भाचीने मला खाटेवर बसवलं, कॅमेरा लावला आणि विचारलं, "मावशी, काका नाचायचे तेव्हा तुला काय वाटायचं?"

"काय वाटायचं? कामं असायची," मी म्हटलं.

"पण मनात?"

"मनातही कामंच असायची."

तिने कॅमेरा बंद केला. नंतर यांची मुलाखत घ्यायची म्हणून तिने मला गोड बोलून मागच्या अंगणात पाठवलं, कारण माझ्या भांड्यांचा आवाज येत होता. हे बराच वेळ बोलत होते. कधी नव्हे ते सलग बोलताना त्यांचा आवाज येत होता, शब्द मात्र कळत नव्हते. मी भांडी घासत राहिले आणि ऐकायला गेले नाही. 

शेवटच्या दिवशी देवळापुढे नाच करायचा ठरला. त्याच्या आदल्या दिवशी सुनेने मला सांगितलं, की उद्या आई येणार आहे. सून तेव्हा बाळाला घेऊन आमच्याकडे राहायला आली होती आणि आईशी फोनवर बोलता बोलता तिने सगळं सांगून टाकलं होतं. मी तिच्यावर चिडले नाही. चिडायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

विहीणबाई सकाळीच आल्या. वसमतहून हिंगोली, हिंगोलीहून दुसरी एसटी, गोरेगावहून जीप, एवढा खटाटोप करून. बाळाला घेतलं, पाणी प्यायल्या. हातात कापडी पिशवी होती. मी म्हटलं, "द्या इकडं, आत ठिवते." त्या म्हणाल्या, "असू द्या, माझ्यापाशीच बरी हाय." पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मला वाटलं, हिला इथे टेकायचंसुद्धा नाही. नाच बघेल, पोरीला चार शब्द सुनावेल आणि आल्या पावली परत जाईल. त्यातच हे न्हाव्याकडून आले. मिशा काढलेल्या. इतक्या वर्षांनी वरचा ओठ उघडा पडला होता आणि तिथली कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा गोरी होती. विहीणबाई बघतच राहिल्या. मी स्वयंपाकघरात पळाले.

भाचीने पुण्याहून शिवलेली नऊवारी आणली होती. आधीच निऱ्या घातलेली, नाडी ओढली की झालं. यांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी केली. "ही तर चड्डी हाय," म्हणाले. "हिची द्या एखादी." हिची म्हणजे माझी. ट्रंकेतून माझं हिरवं इरकल काढलं आणि पुन्हा त्याच आतल्या खोलीत, दार लावून, मी नवऱ्याला साडी नेसवायला लागले. सून आरसा धरून उभी होती. हे आता वाळून गेलेत, कमरेवर काही ठरेना. मी निऱ्या आवळत होते तेव्हा सुनेला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं,

"सूप भरून ठिवलंस का?"

"शूटिंगला कशाला सूप? खोटंखोटंच तर हाय सगळं."

"नाच तर खराच हाय ना. बिगर ओटीचं कसं नाचावं?"

"बघू," मी म्हटलं.

"बघू न्हाई. तेवढं कर. बाकी कायी मागत न्हाई मी."

सूप मी भरलं होतं. पहाटेच, कुणी उठायच्या आत. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, नारळ, सगळं मांडून वर फडकं टाकून दाराआड ठेवलं होतं. पण ते उचलून विहिणीच्या डोळ्यांदेखत देवळापर्यंत जायचं आणि तिच्यापुढे साडी नेसलेल्या नवऱ्याची ओटी भरायची, हे माझ्याच्याने होईल की नाही ते मला ठाऊक नव्हतं. यांना देवळाकडे पाठवलं आणि मी हात हलवत मागून गेले. सूप दाराआडच राहिलं. मनाशी म्हटलं, लागलंच तर धावत येऊन घेऊन जाऊ.

देवळापुढे गाव जमलं होतं. अख्खं गावच म्हणायचं. म्हाताऱ्या बाया पारावर, मध्यमवयीन एका कडेला घोळका करून, पोरं मोबाइल वर धरून. बायांच्या घोळक्यात मी जाऊन उभी राहिले, माझ्या शेजारी विहीणबाई पिशवी छातीशी धरून. बायांनी एक हात पदराखाली कमरेशी धरला होता आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला बघून कुजबुजत होत्या.  म्हटलं, झालं. आता वर्षभर पाणवठ्याला विषय झाला.

हे समोर आले. चालले तेच बाईसारखे. मेंढरांमागे फरफटत चालणारा माणूस, पण साडी अंगावर आली की पाय आपोआप जवळ पडतात, हे मी विसरले होते. देवीला नमस्कार केला, वळले, दोन्ही हातांनी पदर पसरला आणि उभे राहिले.

भाची म्हणाली, "काका, सुरू करा."

हे हलले नाहीत. ढोलकी वाजवायला आणलेला माणूस तालुक्याचा होता, त्याने दोनदा थाप मारून बघितली आणि थांबला. पोरांना कळेना हा माणूस कशाची वाट बघतोय. भाची म्हणाली, "काका, काही विसरलात का?"  हे माझ्याकडे बघत होते. पदर पसरलेलाच. घर समोरच होतं, दार दिसत होतं. मी जाऊन सूप आणलं असतं तर कुणाचा विडासुद्धा संपला नसता.

मी पायांकडे बघितलं. स्वतःच्याच चपलेच्या अंगठ्याकडे. शेजारी विहीणबाईंनी पिशवीत हात घातलेला मला कोपऱ्यातून दिसला आणि वाटलं, ही आता मोबाइल काढून फोटो घेणार. मग तर मी अजिबातच हलले नाही.

शेवटी यांनी पदर खाली सोडला, कमरेला खोचला आणि ढोलकीवाल्याला खूण केली.

नाच झाला. चांगला झाला असं सगळे म्हणतात, मी बघितला नाही. ऐकला. चाळांचा आवाज, ढोलकी, आणि मग मागच्या पोरांतून आलेली पहिली शिट्टी. तिच्या पाठोपाठ दुसरी. कुणीतरी काहीतरी बोललं आणि हशा पिकला. चाळ एका ठेक्याला चुकले आणि पुन्हा जुळले. एवढ्या वर्षांत देवळापुढे यांच्यावर कधी शिट्टी वाजली नव्हती. पारावरची एक म्हातारी उठून निघून गेली. मी तेव्हाही वर बघितलं नाही.

संध्याकाळपर्यंत कुणा पोराने केलेली रील गावभर फिरली. सुनेच्या फोनवर मी ती बघितली. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. विहीणबाई चहा घेऊन निघाल्या. जाताना पिशवीतून पाच हळकुंडं काढून सुनेच्या हातात दिली. "घरची हायत, डब्यात टाक," म्हणाल्या.  हे इरकल घडी करून खाटेवर ठेवून मेंढरांकडे गेले होते. रात्री मी दाराआडचं सूप रिकामं केलं. ओटीचा विषय त्यांनी तेव्हा काढला नाही आणि नंतरही नाही. मिशा मात्र दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वाढवायला घेतल्या.

फिल्म तयार झाली, बाहेर कुठे कुठे दाखवून झाली, आणि चैत्रात जत्रेच्या आदल्या दिवशी भाची ती गावात दाखवायला घेऊन आली. देवळाच्या भिंतीवर पांढरं कापड ताणलं. दिवस मावळला तसं गाव जमलं. विहीणबाई पुन्हा आल्या होत्या आणि पुन्हा माझ्याच शेजारी बसल्या. आमचे हे पुरुषांत, अगदी मागे, खांबाला टेकून.

सुरुवातीला मेंढरं होती, तुरीचं शेत होतं, यांच्या शिव्या होत्या. लोक पोट धरून हसले. माझी 'कामं असायची' आली तेव्हाही हसले, आणि मलाही जरा बरं वाटलं. मग ती मुलाखत आली, जिच्या वेळी मी मागे भांडी घासत होते. हे अंगणात बसलेले, मिशा असलेले. भाचीचा आवाज विचारतो, "काका, एवढे पुरुष, त्यातले कितीतरी प्यालेले. भीती नाही वाटायची?"

"वाटायची की," हे म्हणतात. "पदर पसरून हुभं राहिलं की पोटात गोळा यायचा. गडी मानूस मी, पर तवा बराबर समजतंय बाईला काय वाटत आसंल ते. मंग ही यायची सूप घेऊन. हिचे हात थरथर कापायचे. दर साली कापायचे. पर यायची. हिची वटी पडली, की मंग कोन हात लावतंय? मंग मला कायी भेव न्हाई. ज्या साली ही म्हनली पुरे, त्या साली मी थांबलो. हिच्या वटीबिगर नाचाचं म्हंजी, काय सांगू तुला. नागडं हुभं राहाल्यावानी वाटंल."

मी सगळ्या बायांसमोर बसले होते आणि मला उठून जाताही येत नव्हतं.

पुढचं दृश्य देवळाचं. हे पदर पसरून उभे आहेत. भाचीने ते कुठेही कापलेलं नव्हतं, अख्खं ठेवलं होतं. यांचे डोळे एका जागी लागलेले. आणि मग दुसऱ्या कॅमेऱ्यातलं चित्र आलं. तिची मैत्रीण देवळाच्या पायरीवर उभी राहून लोकांकडे कॅमेरा धरून होती हे मला त्या दिवशी दिसलंच नव्हतं. भिंतीवर आमचा बायांचा घोळका आला. मधोमध मी, मान खाली. आणि माझ्या चारी बाजूंनी बाया, सगळ्या माझ्याकडे बघणाऱ्या. पदराखाली धरलेले हात आता समोरून दिसत होते. कुणाच्या मुठीत खणाची टोकं, कुणाच्या पदरात नारळाचा गोळा. एकीने मुठीतले तांदूळ सांडू नयेत म्हणून दुसरा हात खाली धरलेला. त्या मला हसत नव्हत्या. त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. मी पुढे झाले की त्यांना पुढे होता येणार होतं आणि मी चपलेचा अंगठा बघत होते.

शेजारी विहीणबाई उभ्या. हात पिशवीतून बाहेर आलेला. हातात मोबाइल नव्हता, लाल खण होता, त्यावर हळकुंडं. त्या तो खण धरून माझ्या तोंडाकडे बघत राहतात, बघत राहतात, आणि यांनी पदर खाली सोडल्यावर तो हळूच पुन्हा पिशवीत ठेवतात.

मग शिट्टी. या वेळी मला ती बघावी लागली. शिट्टी वाजली तेव्हा यांचा चेहरा कसा झाला ते गाव त्या दिवशीच पाहून मोकळं झालं होतं, मी पहिल्यांदा पाहत होते.

फिल्म संपल्यावर टाळ्या झाल्या. भाचीला लोकांनी वेढलं. मी होते तिथेच बसून राहिले. विहीणबाईही उठल्या नाहीत. मीच तोंड उघडलं.

"ईनबाई, तुमी खण आनला व्हता?"

"व्हय."

"मंग बोलला काहून न्हाई?"

"तुमच्या आदी कसं व्हावं? पयली घरची." मग म्हणाल्या, "माझं मामाचं गाव हितून जवळच. ल्हान व्हते तवा जत्रंला आनायचे. तुमच्या मालकाच्या पदरात सुपारी टाकलेली हाय मी, मामीनं उचलून धरलं व्हतं मला."

"म्हंजी सोयरीक केली तवा ठाव व्हतं तुमाला?"

"भजनाचा नाद म्हनलाव तुमी, मी आईकून घेतलं. वळखलं व्हतं की. म्हनलं, ह्या घरात पोरीला तकलीफ व्हनार न्हाई."

त्यांनी हे मला दुखवायला म्हटलं नाही. दुखवायला म्हटलं असतं तर मी त्यांना चांगलं उत्तर दिलं असतं. इतकी वर्षं ज्या बाईपासून मी नवऱ्याला लपवला, तिने त्याला माझ्याही आधी ओळखलेलं होतं, आणि गावातल्या सगळ्या बाया ज्याला लेक मानून पदरात तांदूळ घेऊन आल्या, त्याची लाज फक्त मला वाटली होती. त्या भिंतीवर सगळ्या गावाने ते पाहिलं.  

घरी आले. हे माझ्या आधीच पोचून खाटेवर बसले होते. मी दिवा लावला, आतून सूप काढलं, तांदूळ घेतले. खण ट्रंकेत होता, नारळ जत्रेसाठी आणलेला होताच. हळकुंडं विहीणबाईंनी दिलेल्यांतली. सूप घेऊन बाहेर आले आणि यांच्यासमोर उभी राहिले. हात कापत होते.

हे सुपाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"काहून?" म्हणाले.

"घ्या," मी म्हटलं. "तवाची ऱ्हायलीय."

त्यांनी स्वतःच्या अंगाकडे बघितलं. शर्ट, पायजमा. शर्टाचं टोक दोन बोटांत धरून पाहिलं आणि सोडून दिलं. रागावले नव्हते. एखादी वस्तू घरात नाही हे सांगावं तसं म्हणाले,

"आता पदर न्हाई माझ्याजवळ."

मग उठले आणि मेंढरांना पाणी पाजायला गेले. मी सूप आत नेलं. नंतर खण घडी करून ट्रंकेत ठेवला आणि सुपातल्या तांदळाचाच भात लावला. जेवताना हे म्हणाले, भात बरा शिजलाय.